लंगड्या पाद्र्याचा भाव

बाजारपेठेतल्या जुन्या बँकेवर ‘टपनीज लवकरच येत आहे’ अशी पाटी लागली, तेव्हा माल्कम हार्बॉटलला पहिला संशय आला तो ‘लवकरच’चा. सरळ माणूस तारीख सांगतो. ‘लवकरच’ म्हणणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, हे त्याच बँकेत अठ्ठावीस वर्षं असिस्टंट मॅनेजर म्हणून कर्जाचे अर्ज वाचून त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

टपनीज ही स्वस्त पबांची साखळी. देशभर साडेतीनशे पब, सगळीकडे तोच भडक गालिचा, तोच लांबलचक मेनू आणि बिअर इतरांच्या निम्म्या भावात. बंद पडलेली बँक, थेटर किंवा प्रार्थनागृह दिसलं की या लोकांना राहवत नाही. बेलथॉर्प गावात ही तिन्ही बंद पडलेली होती, त्यामुळे ते येणार हे खरं तर कुणालाही कळायला हवं होतं. पण माल्कमला बँकेच्या इमारतीचं दुःख नव्हतं. त्याचं दुःख दोन वळणं पलीकडे होतं.

तिथे ‘ड्रोव्हर्स’ नावाचा पब होता. मालकीण ग्लेंडा पास्क. मागच्या शेडमध्ये ती स्वतःच्या हाताने एकच बिअर गाळायची, तिचं नाव ‘लंगडा पाद्री’, आणि भाव ग्लासाला चार पौंड साठ पेन्स. दर गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून माल्कम ती प्यायचा. बावीस वर्षं. ड्रोव्हर्स बंद पडला असता तर माल्कमला बसायला घराशिवाय जागा उरली नसती, आणि घरात त्याची बायको हिलरी होती. हिलरी वाईट बाई नव्हती. पण तिची प्रत्येक गोष्टीवर मतं होती, आणि माल्कमवर तर फारच होती.

“माझ्या बहिणीच्या गावात आलं ना एक टपनीज,” शेजारच्या पॉलीन डॉडने कुंपणावरून सांगितलं. तिच्या हातात गुलाब छाटायची कात्री होती आणि बोलता बोलता ती वाजवायची तिला सवय होती. “वर्षात चार पब बंद. आणि एक केस कापायचं दुकान.”

“दुकान कशामुळे?”

“ते नाही बाई मला माहीत. पण बंद झालं.”

माल्कमचा मित्र ट्रेव्हर प्यू भूगोलाचा निवृत्त मास्तर. भूगोलात फारसं काही बदलत नसल्यामुळे तो अर्थशास्त्रावर बोलायचा. “हे बघ माल्कम, ग्लेंडापुढे दोनच रस्ते. भाव उतरवायचा नाहीतर मरायचं. आणि भाव उतरवला तर बिअरमधलं काहीतरी कमी करावं लागणार. आता तूच सांग, बिअरमध्ये कमी करण्यासारखं काय असतं?”

“काय?”

“बिअर,” ट्रेव्हर म्हणाला आणि गंभीरपणे आपला ग्लास उजेडात धरून पाहू लागला.

माल्कमने मग कौन्सिलकडे हरकत नोंदवली. हरकतीच्या फॉर्मवर अकरा रकाने होते: आवाज, वास, पार्किंग, झाडं, सावली वगैरे. ‘या लोकांचा एकूण हेतू चांगला दिसत नाही’ याला रकाना नव्हता. कुठेतरी खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना, म्हणून उरलेल्यांतला सगळ्यात निरुपद्रवी म्हणून त्याने ‘वटवाघळं’ या रकान्यावर खूण केली. आता आमच्या देशात वटवाघळाला जेवढं कायद्याचं संरक्षण आहे तेवढं असिस्टंट मॅनेजरला नाही. आठवड्याभरात कौन्सिलची एक बाई शिडी आणि यंत्र घेऊन आली. बँकेच्या माळ्यावर तिला एकही वटवाघूळ सापडलं नाही. परिसर तपासायचा म्हणून ती मग तक्रारदाराच्या माळ्यावर चढली आणि तिथे तिला नऊ सापडली. माल्कमच्या माळ्यावर सप्टेंबरपर्यंत कुणी जाऊ नये, दिवा लावू नये आणि खिळा ठोकू नये असा लेखी हुकूम निघाला.

“माझी ख्रिसमसची सगळी सजावट वर आहे,” हिलरी म्हणाली.

“ख्रिसमस डिसेंबरात असतो.”

“माझी सुटकेस पण वर आहे, माल्कम. आपण जूनमध्ये स्पेनला जाणार होतो.” त्या वर्षी हार्बॉटल दांपत्य दुकानातल्या कापडी पिशव्या घेऊन स्पेनला गेलं, आणि विमानतळावर माल्कमकडे लोक ज्या नजरेने बघत होते ती तो अजून विसरलेला नाही.

ते परत आले तेव्हा टपनीज उघडलं होतं. बिअर दोन पौंड एकोणतीस पेन्स. गावात जो भेटेल तो सांगायचा, आपण काही तिथे जाणार नाही बुवा. पॉलीन जाणार नव्हती, ट्रेव्हर जाणार नव्हता, चर्चचा ऑर्गनवाला जाणार नव्हता. सगळे ड्रोव्हर्समध्ये बसून ग्लेंडाच्या पाटीकडे बघत राहिले, की आता उतरेल, मग उतरेल.

पाटी चार साठवरून हलली नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. ग्लेंडा मरत नव्हती आणि भावही उतरवत नव्हती. ट्रेव्हरच्या दोन्ही रस्त्यांवर तिचा पत्ता नव्हता. उलट ती शीळ घालायला लागली होती. तिने नवीन ग्लास धुण्याचं मशीन घेतलं.

“काय देऊ राजा?” ती पूर्वीसारखंच विचारायची. ती पोस्टमनपासून बिशपपर्यंत सगळ्यांना राजाच म्हणायची, पण आता माल्कमला त्या ‘राजा’तही काहीतरी वेगळं ऐकू यायला लागलं. दुष्काळात ज्याचं खातं हलत नाही त्याचं कुठेतरी पाणी मुरत असतं, हे बँकेचं पहिलं सूत्र. आणि बिअरमध्ये पाणी मुरवणं तर फारच सोपं.

म्हणून एका गुरुवारी तो कोटाच्या आत थर्मास घेऊन गेला. ट्रेव्हर घरी पार्सनिपच्या कंदांची वाइन करायचा, त्याच्याकडून त्याने दारूची घनता मोजायची काचेची नळी आणली होती. ग्लेंडाची पाठ वळताच त्याने अर्धा ग्लास थर्मासमध्ये ओतला. घरी हिलरीच्या जॅमच्या भांड्यात ती नळी सोडली तर ती तळाशी जाऊन बसली. दुसऱ्यांदा सोडली तर तिरकी तरंगली. तिसऱ्यांदा हिलरी आली आणि म्हणाली, “त्या भांड्यात मी उद्या मार्मालेड करणार आहे.” तपास तिथेच थांबला. निष्कर्ष निघाला नाही, म्हणजेच संशय वाढला.

आता तुलनेला दुसरी बिअर हवी होती, आणि त्यासाठी टपनीजमध्ये जाणं भाग होतं. केवळ तपासासाठी. माल्कमने मुद्दाम सकाळी पावणेदहाची वेळ निवडली, कारण त्या वेळी तिथे फक्त नाश्त्याला आलेली परकी माणसं असणार. डोक्यावर मेव्हण्याची मासेमारीची टोपी घातली. बँकेचं दार त्याने हजारदा उघडलं होतं, पण आज ढकलावं की ओढावं तेच त्याला आठवेना. आत गेल्यावर त्याने आधी आपली जुनी केबिन शोधली. जिथे त्याचं टेबल होतं, जिथे माणसं टोपी हातात घेऊन उभी राहायची, तिथे आता पुरुषांची मुतारी होती. त्याने आत डोकावून पाहिलं. खिडकी तीच होती. माल्कमला मनापासून वाईट वाटलं, आणि तो तिथे कामापुरता थांबून बाहेर आला.

काउंटरवर एका नळाला पाटी होती, ‘गावची बिअर: बेलथॉर्प गोल्ड’. त्याने एक ग्लास घेतला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि एक घोट घेतला. मग आणखी एक. मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

लंगडा पाद्री! बावीस वर्षांची जीभ होती ती, चुकणं शक्य नव्हतं. तो शेवटचा थोडा कडवटपणा, नंतर येणारा भाजलेल्या पावाचा वास, सगळं तेच. निम्म्या भावात आणि भलत्याच नावाने. सगळं त्याच्या लक्षात आलं. टपनीजवाल्यांनी ग्लेंडाची कृती चोरली होती. बिचारी शीळ घालत होती आणि इकडे तिचं घर लुटलं जात होतं.

आता कुणीही म्हणेल की सरळ दोन वळणं चालून जावं आणि ग्लेंडाला सांगावं. दोन मिनिटांचं काम. पण ग्लेंडा पहिला प्रश्न विचारणार, “तुला कसं कळलं, राजा?” आणि त्याचं उत्तर देणं माल्कमला अशक्य होतं. आमच्याकडे माणूस बायकोला सोडून गेला तर लोक एखादेवेळी समजून घेतात. आपल्या पबच्या मालकिणीच्या तोंडावर मी दुसऱ्या पबात प्यालो म्हणणं, तेही टपनीजमध्ये, तेही सकाळी पावणेदहाला, हे कुणाच्याच हातून होत नाही.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा मोठा मेनू थोडा खाली झाला आणि त्याच्यामागून ट्रेव्हर प्यूचं कपाळ दिसलं. दोघांची नजरानजर झाली. ट्रेव्हरने मेनू वर केला. माल्कमने टोपी घातली. चाळीस वर्षांची मैत्री, म्हणून दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही.

त्या दिवसापासून माल्कमने पुरावा गोळा करायला सुरुवात केली. एका ग्लासावर कुणी आरोप करत नाही. मंगळवारची बिअर आणि शुक्रवारची बिअर एकच आहे का, हे बघायला नको? पिंपाच्या सुरुवातीची आणि शेवटची चव? तो वहीत नोंदी करत गेला. कधीकधी पुरावा नाश्त्याबरोबर जास्त पटायचा. तिसऱ्या आठवड्यात काउंटरवरची मुलगी त्याला बघून म्हणाली, “नेहमीचंच ना, माल्कम?” त्याला भयंकर लाज वाटली. त्याहून जास्त लाज याची वाटली की त्याला ते आवडलं.

मग त्याने चार पानांचं पत्र लिहिलं आणि जिल्ह्याच्या वजनमापे खात्याला पाठवलं. पोटमथळे घातले, परिशिष्ट जोडलं. एकच बिअर दोन नावांनी विकली जात आहे, यात ग्राहकाची फसवणूक असून एका प्रामाणिक स्त्रीची लूट आहे, असं त्यात होतं. ‘प्रामाणिक स्त्री’खाली त्याने रेघ मारली. पत्र टाकून येताना त्याला आपण फार मोठे वाटलो, इतके की त्याने पॉलीनला कुंपण ओलांडून नमस्कार केला.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी संध्याकाळी सहाला, ड्रोव्हर्समध्ये एक बाई शिरली. करड्या सूटमधली, हातात फाईल. “मी मिस प्रिचर्ड, वजनमापे खात्याकडून. मिसेस पास्क आपणच?”

माल्कम स्टुलावर ताठ झाला. न्यायदेवता दारातून येताना प्रत्यक्ष बघायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

“बेलथॉर्प गोल्ड नावाची बिअर आपणच पुरवता ना?” मिस प्रिचर्डने विचारलं.

“हो,” ग्लेंडा म्हणाली.

माल्कमचा घोट चुकीच्या नळीत गेला. ट्रेव्हरने त्याच्या पाठीत गुद्दे घातले, जरा जास्तच जोरात.

“म्हणजे ती लंगडा पाद्रीच?”

“तीच. त्यांना नावात पाद्री नको होता आणि लंगडा तर मुळीच नको होता. कुणाचं मन दुखायचं म्हणे. करारात लिहिलंय सगळं.” ग्लेंडाने ड्रॉवरमधून कागद काढून दिले. “का, काय झालं?”

“तक्रार आहे. फार मुद्देसूद.” मिस प्रिचर्डने कागद वाचले, ग्लास मोजले, शेड पाहिली आणि तासाभराने सांगितलं की सगळं अगदी चोख आहे. पण फाईल लगेच बंद होणार नव्हती. एक तर तक्रारदाराने तक्रार मागे घ्यावी, नाहीतर बारा आठवडे उलटावे. आणि फाईल उघडी असलेल्याकडून टपनीजचं मुख्य ऑफिस बिअर घेत नाही, असा त्यांचा नियम. मिस प्रिचर्ड माफी मागून गेली.

ग्लेंडाने फडकं उचललं, काउंटर पुसलं आणि खडू घेऊन पाटीवरचं चार साठ पुसून पाच चाळीस केलं. सगळा पब बघत राहिला.

“ग्लेंडा, हे काय?” पॉलीन ओरडली.

“आठवड्याला आठ पिंपं जात होती तिकडे,” ग्लेंडा म्हणाली. “थोडाच नफा सुटायचा पिंपामागे, पण आठ पिंपं म्हणजे आठ पिंपं. त्याच्यावर तुमचा भाव चार साठला धरून ठेवला होता मी. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं वाईट वाटेल. आता बारा आठवडे हे असं. तेवढं निघेल की नाही, देव जाणे. नाही निघालं तर किल्ल्या देऊन टाकते जागेच्या मालकांना.” तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

मग सुरू झाला संशय, आणि या वेळी सगळ्या गावाचा. पत्र कुणी लिहिलं? टपनीजमध्ये जाऊन ती बिअर प्यायलेल्यानेच. पण तिथे तर कुणीच जात नव्हतं. ट्रेव्हरला सगळं ठाऊक होतं, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं, पण ‘मी माल्कमला तिथे पाहिलं’ म्हणायचं तर तू तिथे काय करत होतास हा प्रश्न यायचा. पॉलीनही माल्कमकडे जरा विचित्र नजरेने बघत होती, आणि ऑर्गनवाला तर नजरच देत नव्हता. सगळे मूग गिळून बसले. माल्कमच्या लक्षात आलं की तो पूर्ण सुरक्षित आहे. आणि असं सुरक्षित राहणं त्याला एक रात्रही झोपू देईना.

“तू लिहिलंस ना ते?” शनिवारी हिलरीने विचारलं.

“कशावरून?”

“पोटमथळे,” हिलरी म्हणाली. “लग्नाआधी मला पत्रं लिहायचास तेव्हाही घालायचास.”

त्याने खात्याला फोन केला. तक्रार मागे घ्यायलाही फॉर्म होता. त्यात तक्रारदाराने सदर पेय कुठे, केव्हा आणि किती वेळा घेतलं हे लिहून, बाधित व्यक्तीच्या समक्ष सही करायची होती. बाधित व्यक्ती म्हणजे ग्लेंडा. माल्कमने विचारलं, टपालाने पाठवता येईल का. पलीकडचा कारकून म्हणाला, “समक्ष म्हणजे समक्ष, साहेब.” स्वतः हे वाक्य माल्कमने आयुष्यात किती जणांना ऐकवलं होतं, याची गणती नव्हती.

रविवारी दुपारी ड्रोव्हर्स भरलेला होता. माल्कम आत आला. तो खिडकीच्या स्टुलाकडे गेला नाही, सरळ काउंटरशी गेला आणि फॉर्म पुढे ठेवला.

“ग्लेंडा, ते पत्र माझं. तुझ्या भल्यासाठीच लिहिलं होतं. मला वाटलं तुझी कृती चोरली त्यांनी. तुला येऊन विचारायचं सोडून मी...” त्याने काउंटरवरचा फॉर्म सरळ केला. “मी टपनीजमध्ये गेलो होतो.”

ग्लेंडाने फॉर्म स्वतःकडे ओढला.

“किती वेळा?” ग्लेंडाने विचारलं. फॉर्मवर तो रकाना होताच.

“एकोणीस.”

कुणीतरी श्वास ओढला. माल्कम खाली मान घालून उभा राहिला. आता यांनी आपल्याला हाकलून द्यावं, हेच बरं, असं त्याला वाटलं. तेव्हा मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“अकरा,” ट्रेव्हर म्हणाला. “पण चार वेळा फक्त मुतारीसाठी.”

मग पॉलीन डॉड उठली. “नाश्त्याला. शनिवारचा शनिवार. आमच्याकडे शनिवारी गॅस...” पुढचं तिला सुचेना. “नाश्त्याबरोबर एखादा ग्लास.” ऑर्गनवाल्याने हात वर केला आणि पाच बोटं दाखवली, मग जरा विचार करून दुसऱ्या हाताची दोन. कोपऱ्यातून कुणीतरी “पंधरा” म्हणालं. एक म्हातारा तर “मी मोजलं नाही” म्हणून रडायलाच लागला.

ग्लेंडा हे सगळं हाताची घडी घालून ऐकत होती. सगळ्यांचं संपल्यावर ती म्हणाली, “अरे माझ्या राजांनो, मला ठाऊक नव्हतं होय? दर सोमवारी टपनीजचा हिशोब येत होता. आठवड्याला आठ पिंपं. या एवढ्याशा गावात ती दुसरं कोण पिणार होतं?”

ट्रेव्हरने आपला ग्लास पुन्हा उजेडात धरून पाहिला.

“तुम्ही तिकडे प्यायलात काय, इकडे प्यायलात काय, माझ्याच हातची प्यायलात. इकडे आलात की तिकडे जात नाही म्हणून शपथा घेत होतात, तेवढीच माझी करमणूक. मग शीळ नको घालू?” तिने पेन घेतलं, फॉर्मवर सही केली आणि माल्कमला करायला लावली. मग खडू उचलून पाच चाळीस पुसलं आणि चार साठ लिहिलं. पब टाळ्या वाजवायला लागला. माल्कमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायची त्याने तसदी घेतली नाही.

“एक लंगडा पाद्री दे ग्लेंडा,” तो म्हणाला आणि पाकीट काढलं.

तिने हळूच, फेस नीट बसू देत, काठोकाठ ग्लास भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“पाच चाळीस, राजा.”

“पण पाटीवर तर...”

“पाटी बाकीच्यांसाठी आहे.”

माल्कमने एकदा पाटीकडे पाहिलं आणि एकदा ग्लेंडाकडे. मग पाच पौंड चाळीस पेन्स काउंटरवर ठेवले.